तंजावरचे तीन दिवस

धंद्यासाठी फिरणाऱ्या माणसाने प्रवासवर्णन लिहू नये, असे आमचे आजवरचे मत होते. त्याने पाहिलेले गाव म्हणजे स्टेशन, लॉजमधली खोली, गिऱ्हाइकाची कचेरी आणि पुन्हा स्टेशन. एवढ्या भांडवलावर एखाद्या गावाविषयी बोलणे म्हणजे उंबऱ्यावर उभे राहून माजघराचे वर्णन करणे होय. तरीही गेल्या जानेवारीत तंजावरला काढलेल्या तीन दिवसांविषयी आमच्या वाचकांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कारण तिथले माजघर आम्हांला न मागता दाखवण्यात आले.

प्रथम कामाचे सांगतो. बेळगावला उद्यमबागेत आमची लहानशी फाउंड्री आहे. बिडाच्या पुल्या आणि असलीच किरकोळ कास्टिंगे आम्ही ओततो. तंजावरजवळच्या एका भातगिरणीला नव्या मापाच्या पुल्या हव्या होत्या आणि जुन्या यंत्राची मापे समक्ष घेतल्याशिवाय पॅटर्न करणे शक्य नव्हते. मुलाने जावे असे ठरले होते, पण त्याला ऐन वेळी सवड झाली नाही. राणी चेन्नम्मा गाडीने रात्रीत बेंगळुरू, तिथे दिवसभर एक-दोन कामे आणि पुन्हा रात्रीची गाडी, असे करीत तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तंजावरच्या फलाटावर उतरलो.

पोंगल होऊन आठवडा उलटला होता. गाडीच्या खिडकीतून दिसणारा कावेरीचा सपाट मुलूख पाहून आमच्यासारख्या सह्याद्रीच्या कडेच्या माणसाला चमत्कारिकच वाटते. टेकडी म्हणून औषधालाही नाही. पिकलेल्या सांबा भाताची शेते, मधूनमधून कालवे, केळी आणि नारळ. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडायचे असा तिकडचा परिपाठ आहे. पाणी लांबले की कुरुवैचे पीक हुकते आणि मग गिरणीचेही वर्ष बिघडते. म्हणजे आमच्या पुल्यांची मागणीसुद्धा शेवटी कावेरीच्या हाती!

तमिळ आम्हांला येत नाही. परंतु सीमाभागात जन्मल्याचा एक फायदा असा, की कानडी कानावरून गेलेली असते आणि तिच्या 'ह'च्या जागी 'प' घातला की बरेचदा काम भागते. कानडी हालु, तमिळ पाल. या एका किल्लीवर आम्ही सकाळचे दूध आणि दुपारचे पुष्कळसे संभाषण निभावले. बाकीचे हातवाऱ्यांवर.

गिरणीत मापे घेऊन झाली. दर ठरवायची वेळ आली तेव्हा मालकांनी आपल्या म्हाताऱ्या हिशेबनिसांना हाक मारली, "रायर!" कपाळावर गंध, अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, वय सत्तरीच्या पुढे. आमच्या पत्रावरचे आडनाव त्यांनी वाचले, चष्मा वर केला आणि सरळ विचारले, "तुम्ही मराठी काय?"

आम्ही दचकलोच. तंजावरला मराठ्यांचे राज्य होते हे शाळेत शिकलो होतो. पण इतिहासाच्या पुस्तकातला माणूस समोर बसून पुल्यांचा दर विचारील, अशी काही तयारी नव्हती. त्यांचा स्वर तमिळ चढउतारांचा, काही शब्द आम्हांला दोनदा विचारून घ्यावे लागले. पण भाषा मराठी यात शंका नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांच्यामागोमाग आपले पूर्वज इकडे आले, असे त्यांच्या घरात सांगतात. १८५५ साली दुसरे शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि राज्य इंग्रजांनी खालसा केले. दरबार गेला, त्यालाही आता पावणेदोनशे वर्षे होत आली. तरी रायरांच्या स्वयंपाकघरात मराठी चालू आहे. हे कसे घडले याचा आम्ही परतीच्या सगळ्या वाटेवर विचार करीत होतो. शाळेत मराठी नाही, कचेरीत नाही, पाटीवर नाही. कोणी आग्रह धरला नाही, मोर्चा काढला नाही. आईने मुलाला जेवायला हाक मारली ती मराठीत, एवढेच.

दुसऱ्या दिवशी रायरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्हांला मोठ्या देवळात नेले. बृहदीश्वराच्या शिखराविषयी आम्ही नवे काय सांगणार? राजराज चोळाने १०१० च्या सुमारास ते पुरे केले. त्याच्यापुढे उभे राहिले की मान मागे पडते आणि बोलणे थांबते. जोत्यावर चोळांचे तमिळ शिलालेख आहेत. कोणी काय दिले, किती सोने, किती दिवे, देवळासाठी आणलेल्या चारशे नर्तिकांची नावे, सारा जमाखर्च दगडात कोरलेला. आमच्यातला हिशेबी माणूस सुखावला.

पण रायरांना आम्हांला दाखवायचे होते ते निराळे. प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूला त्यांनी आम्हांला नेऊन उभे केले. भिंतीवर ओळींमागून ओळी देवनागरी, आणि भाषा मराठी! भोसले कुळाचा हा इतिहास दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतला. साल ध्यानात घ्यावे. १७९९ च्या तहाने सरफोजींच्या हाती किल्ल्यापलीकडे फारसे काही उरले नव्हते. तिकडे बाजीरावाने वसईचा तह केला होता आणि त्याच १८०३ साली असईची लढाई झाली. मराठ्यांची सत्ता सगळीकडेच मावळत असताना, घरापासून इतक्या लांब, एका परक्या भाषेच्या गावात, हा राजा पाथरवटांकरवी आपल्या घराण्याची हकीकत दगडात घालून ठेवतो आहे. वाचणार कोण, हा प्रश्न त्यांना पडला नसेल असे आम्हांला वाटत नाही.

रायर बाजूला उभे होते. ते म्हणाले, "तुम्ही वाचा, मी ऐकतो."

त्यांना मराठी वाचता येत नाही, हे आम्हांला तेव्हा कळले. शिक्षण तमिळमधून आणि इंग्रजीतून झालेले. बहिणीला पत्र लिहायचे तर मराठी मजकूर तमिळ लिपीत लिहीत. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. म्हणजे 'घर' लिहा नाहीतर 'कर' लिहा, कागदावर सारखेच. "चुकत नाही का?" असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "घरचे पत्र ना? समजते." आम्ही पहिल्या काही ओळी अडखळत मोठ्याने वाचल्या. पाहता पाहता शाळेच्या सहलीची मुले भोवती जमली आणि आम्हां दोघा म्हाताऱ्यांकडे पाहून हसू लागली, तेव्हा आवरते घेतले.

सरस्वती महाल ग्रंथालयाला आमच्या वाट्याला जेमतेम दीड तास आला, तेव्हा त्याविषयी अधिकाराने बोलणे शोभणार नाही. पाहुण्यांना पोथ्या आणि चित्रे पाहायला मिळतात. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजींनी वाढवला. १८२० च्या सुमारास काशीयात्रेला गेले तेव्हा तिकडूनही त्यांनी पोथ्या आणल्या. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेला हा राजा डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेववीत असे. त्यांच्याच छापखान्यात १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. मुंबईत मराठी शाळापुस्तके छापली जाऊ लागली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी तर एका नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकत्र नांदवल्या. आमच्या सीमाभागातील पुढाऱ्यांना, दोन्ही बाजूंच्या, ते नाटक एकदा दाखवावे असे मनात येऊन गेले. असो.

दुपारी जेवायला रायरांच्या घरी गेलो. पानात 'डांगर पचडी' आली. चव घेतली आणि आम्हांला आमची आई आठवली. उन्हाळ्यात ती ताकातले उडदाचे डांगर करी, ते हेच. रायरांच्या पत्नींना हे सांगितले तेव्हा त्यांनी पुन्हा वाढले. आमटीभातावर बोलता बोलता रायरांनी तमिळ हरिकथेचा विषय काढला. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी गेल्याच्या आधीच्या शतकात मराठी कीर्तनाचा घाट तमिळमध्ये रुजवला आणि त्यासोबत आपल्या साकी-दिंड्याही तिकडे गेल्या. रायरांनी एक दिंडीची चाल गुणगुणून दाखवली. शब्द तमिळ, चाल ओळखीची. त्यांची नात मात्र इंग्रजीत हसून आत गेली. तिला मराठी समजते, पण ती उत्तर तमिळमध्ये देते. आमच्या घरी बेळगावात नातवंडांचे निराळे काय आहे? ती मराठी बोलतात, पण आकडे इंग्रजीत मोजतात, आणि पंचवीस म्हणजे किती हे आम्हांलाच विचारतात.

जेवण झाल्यावर रायरांनी कपाटातून एक कागद काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, मोडी लिपीतला. त्यांच्या आजीने जपून ठेवलेला. त्यांच्या घरात तो कोणालाच वाचता आलेला नव्हता. "तुम्ही तिकडचे. वाचाल," ते म्हणाले.

आमच्या आजोबांच्या पेढीच्या वह्या मोडीत होत्या. वडील मोडी वाचीत. आम्हांला सहीपुरतीही येत नाही. तो कागद समोर ठेवून आम्ही दोघे बराच वेळ बसून राहिलो. शेवटी आम्ही मोबाइलवर त्याचा फोटो घेतला.

कोल्हापूरला आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक मोडी वाचतात. परतल्यावर फोटो त्यांच्याकडे पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आले. रायरांच्या मनात काय होते, जमिनीची सनद की एखाद्या सरदाराचे पत्र, हे त्यांनी बोलून दाखवले नव्हते. निघाली ती मुंजीच्या सामानाची यादी. तुरीची डाळ, गूळ, हळकुंडे, सुपाऱ्या, बहिणीला एक लुगडे, आणि खाली 'ताईस वेळेवर आणवणे'. एक शब्द मात्र त्या शिक्षकांनाही लागेना. तांदळाच्या पुढे आकडा आणि त्यापुढे 'मरकाल'. त्यांनी प्रश्नचिन्ह घालून ठेवले होते.

आम्ही तंजावरला फोन लावला आणि यादी सावकाश वाचून दाखवली. पलीकडे रायर प्रत्येक जिन्नस पुन्हा उच्चारीत होते आणि मागे कोणाला तरी सांगत होते. 'मरकाल' आले तसे ते मोठ्याने हसले. तो मराठी शब्दच नव्हे. भात मोजायचे ते तमिळ मुलुखातले माप. त्यांच्या लहानपणी घरात लाकडी मरकाल होता. मग त्यांनी यादी पहिल्यापासून पुन्हा वाचायला सांगितली. ते तमिळ लिपीत लिहून घेत होते. 'हळकुंडे' लिहिताना थोडे थांबले, 'ताईस' पाशी पुन्हा थांबले.

लिहून झाल्यावर त्यांनी विचारले, पुल्या कधी निघणार. आम्ही पुढच्या सोमवारचा वायदा केला.