चार मुठी पोहे

शुक्रवारचा शेवटचा तास आमच्या शाळेत गोष्टीचा तास म्हणून ओळखला जातो. वेळापत्रकात त्याच्यापुढे 'अवांतर वाचन' असे भारदस्त नाव लिहिलेले आहे. परंतु आठवी-नववीच्या मुलांना विचाराल तर ती 'गोष्टीचा तास' असेच सांगतील. लहान मुलांना गोष्ट सांगणे त्या मानाने सोपे. राजा, राक्षस आणि बोलणारा पोपट एवढे साहित्य हाताशी असले की काम भागते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे तसे नाही. ती गोष्ट ऐकतात आणि ऐकता ऐकता सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. हा मनुष्य जे सांगतो आहे ते त्याला स्वतःला पटले आहे की नाही, याची ती परीक्षाच घेत असतात. या परीक्षेत आम्ही एकदा फार वाईट रीतीने नापास झालो. वार्षिकांकासाठी काही लिहून द्या, असे संपादक विद्यार्थ्यांनी सांगितले तेव्हा प्रथम दुसराच विषय मनात आला होता. पण ही हकीकत एकदा लिहून टाकलेली बरी.

त्या वेळी आमचा असा समज होता की, गरिबी आणि दया हे विषय मुलांना समजावून द्यायचे म्हणजे त्यांचे डोळे पाणावले पाहिजेत. म्हणून आम्ही निवडून निवडून तशाच गोष्टी सांगत असू. थंडीत कुडकुडणाऱ्या मुलाला आपला कोट काढून देणारा श्रीमंताचा मुलगा, रस्त्यात सापडलेले पाकीट मालकाला नेऊन देणारा अनाथ बालक, आणि शेवटी त्या बालकाची पाठ थोपटणारे शेटजी. (गोव्यात कोट काढून देण्याइतकी थंडी कोणाला वाजत नाही, हेसुद्धा आमच्या ध्यानात आले नव्हते.) या सर्व गोष्टींत एक साम्य होते. त्या देणाऱ्याच्या ओसरीवर बसून सांगितलेल्या होत्या. घेणारा खाली अंगणात उभा असे, आणि पुष्कळदा त्याला नावही नसे.

आमची शाळा डिचोली तालुक्यातील आहे. या भागात अनेक वर्षे कितीतरी घरांचे संसार ट्रकच्या चाकांवर चालले होते. खाणीवर लोहखनिज भरायचे, नदीकाठच्या धक्क्यावर नेऊन ओतायचे, आणि तेथून ते बार्जमधून मुरगाव बंदराकडे जायचे. २०१२ साली खाणी एकदा थांबल्या व काही काळाने पुन्हा सुरू झाल्या. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चच्या मध्यापासून खनिज काढणे बंद पडले. लाल मातीने भरलेली शेते आणि आटलेल्या विहिरी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा निर्णय अन्यायाचा वाटणार नाही. आम्हालाही तो वाटला नाही. परंतु कर्ज काढून घेतलेला ट्रक ज्याच्या अंगणात उभा राहिला, त्याच्या घरात काय झाले असेल, याचा विचार करण्याचे आम्हाला सुचले नाही. वर्गात गरीब कोण, याविषयी आमच्या मनात एक जुनी यादी होती. नवे दारिद्र्य त्या यादीत बसत नव्हते. त्याला अजून चांगले कपडे होते.

त्या वर्षीच्या जूनमध्ये एका सद्‌गृहस्थांनी शाळेला दोन डझन वह्या दिल्या. नववीच्या वर्गात आम्ही नेहमीसारखी एक पाणीदार गोष्ट सांगितली, मुलांचे चेहरे योग्य तेवढे गंभीर झालेले पाहिले, आणि वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणालो, "ज्यांना गरज असेल त्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर झाला नाही. आम्हाला वाटले, मुले लाजत आहेत; त्यांना धीर दिला पाहिजे. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसत असे. आदल्या वर्षीपर्यंत वाढदिवसाला सगळ्या वर्गाला पेन्सिली वाटणारी. तिच्या वडिलांचा ट्रक उभा आहे, हे आमच्या कानावर आले होते. आम्ही तिचे नाव घेतले आणि अगदी मायेच्या स्वरात म्हणालो, "तुझ्या बाबांचे काम बंद आहे ना? ये, संकोच करू नकोस."

पस्तीस माना तिच्याकडे वळल्या. ती उभी राहिली. वर्गात आमच्याशी नेहमी शुद्ध मराठीत बोलणारी ती मुलगी त्या क्षणी घरच्या भाषेत बोलली. "सर, म्हाका नाका," एवढेच म्हणाली आणि खाली बसली.

चार दिवस ती शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आली तेव्हा तिच्या दप्तरात वह्या होत्या. मागील वर्षीच्या वह्यांतील उरलेली कोरी पाने काढून, ती दोऱ्याने शिवून, वर वर्तमानपत्राचे वेष्टन घालून तयार केलेल्या. शिवण अगदी सरळ होती. तपासण्यासाठी त्यातील एक वही आमच्या टेबलावर आली. काही पानांच्या रेघा निळ्या, काहींच्या काळ्या. आम्ही खाली सही केली. 'छान' हा नेहमीचा शेरा लिहवला नाही.

त्या रात्री आम्ही 'श्यामची आई' पुन्हा काढले. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत लिहिले, ही माहिती आम्ही दरवर्षी वर्गात सांगत आलो होतो. श्यामचे घर कर्जात बुडते आणि घरावरील जप्तीची दवंडी गावातून पिटली जाते, ते प्रकरण त्या रात्री मात्र आम्ही निराळ्या कानांनी ऐकले. त्या घराने उपास सोसले होते, अपमान सोसले होते; पण आईचा जीव खचतो तो त्या ढोलाच्या आवाजाने. अभाव घरात होता तोवर तो घराचा होता. तो चार लोकांच्या तोंडी गेला तेव्हा त्याची बेअब्रू झाली. आणि आम्ही काय केले होते? ढोल तेवढा नव्हता.

क्षमा कशी मागावी, हाही एक प्रश्नच होता. सगळ्या वर्गापुढे मागितली तर ती दुसरी दवंडी होणार. शेवटी एके दिवशी वाचनालयात पुस्तक बदलायला ती एकटीच आली होती, तेव्हा आम्ही म्हणालो, "त्या दिवशी आमचे चुकले." आमची अशी अपेक्षा होती की ती 'असू दे सर' म्हणेल. तिने पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवले आणि म्हटले, "हय, सर."

यानंतर गोष्टीच्या तासाचे काय करावे, हे कळेना. गरिबीचा विषय सोडून द्यावा, असेही मनात आले. पण ती तर पळवाट झाली असती. मग आम्ही प्रेमचंदांची 'ईदगाह' वर्गात नेली. तीही १९३३ सालचीच. मुलांना हिंदी येत असल्याने मूळ कथाच आम्ही सावकाश वाचली. चार-पाच वर्षांचा पोरका हमीद आजीपाशी राहतो. ईदच्या जत्रेला निघतो तेव्हा त्याच्याजवळ तीन पैसे असतात. मित्रांजवळ बारा, पंधरा. ती मुले मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद तीन पैशांत लोखंडी चिमटा घेतो, कारण तव्यावरची पोळी काढताना आजीची बोटे भाजतात.

ही कथा पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून इतकी गुळगुळीत झालेली आहे की, सांगणारा चिमट्यापाशी येतो आणि गळा दाटून आणतो. मधला एक लहानसा प्रसंग बहुतेक जण गाळतात. मोहसीन हमीदला रेवडी देऊ करतो. हमीदला शंका येते, तरी तो हात पुढे करतो, आणि मोहसीन ती रेवडी आपल्याच तोंडात टाकतो. बाकीची मुले टाळ्या पिटून हसतात. आम्ही तेथे थांबलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी खिडकीबाहेरच पाहत असे, तो म्हणाला, "सर, त्याने रेवडी दिली नाही हे एवढे वाईट नाही. हात पुढे करायला लावला, हे वाईट."

वर्ग शांत झाला. तिसऱ्या बाकाकडे पाहण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

पुढचे दोन शुक्रवार हमीदवरच गेले. एका मुलीने दाखवून दिले की, चिमटा खांद्यावर बंदुकीसारखा टाकून हमीद मित्रांत येतो आणि वादात त्या सर्वांना हरवतो; शेवटी तेच आपली खेळणी त्याच्यापुढे धरतात. म्हणजे कीव करायला तो जागाच ठेवत नाही. दुसऱ्या एकाने विचारले, "सर, गोष्टीतला गरीब मुलगा पाकीट सापडले की परतच का करतो? ठेवून घेतले तर त्याला मदत करायची नाही का?" प्रश्न अडचणीचा होता, आणि आमच्या जुन्या गोष्टींवरच नेमका बसणारा होता. आम्ही त्याला श्यामचीच आठवण करून दिली. पुस्तकाच्या लोभाने श्यामनेही एकदा पैसे चोरले आहेत, आणि साने गुरुजींनी ते लपविलेले नाही. गरिबाने आधी सद्‌गुणी असल्याचा दाखला आणावा आणि मग आम्ही दया करावी, हा व्यवहार झाला. त्या मुलाचे समाधान झाले असे वाटत नाही. चोरी ती चोरीच, असे निम्म्या वर्गाचे मत पडले, आणि घंटा झाली.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी सुदामा आला. आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे घरोघर पोहे होतात. कोकणीत आम्ही त्यांना 'फोव' म्हणतो. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, तिखट, गोड. शेजाऱ्यांकडे जाऊन थोडे थोडे तरी खावेच लागतात. म्हणून सुदाम्याच्या पुरचुंडीत काय होते, हे गोव्यातील मुलांना सांगावे लागत नाही. भागवताच्या दहाव्या स्कंधातील ही कथा मुले जन्मल्यापासून ऐकत आलेली. आम्ही फक्त एक प्रश्न विचारला: या कथेत पहिले दान कोणाचे?

सगळे एका सुरात म्हणाले, श्रीकृष्णाचे. मग आम्ही कथेचा आरंभ पुन्हा सांगितला. सुदाम्याच्या घरात पोहेही नव्हते. मित्राकडे रिकाम्या हाताने कसे जावे, म्हणून त्याच्या पत्नीने शेजारपाजारी मागून चार मुठी पोहे आणले आणि फडक्यात बांधून दिले. द्वारकेच्या सोन्यापुढे त्या शेजाऱ्यांना सर्व जण विसरून जातात. त्यांनी तिला नाव विचारले नाही, हात वर करायला सांगितले नाही. मूठभर पोहे दिले, झाले. आमच्या आजीची आठवण आम्हाला अशा वेळी होते. शेजारीण तांदूळ मागायला आली की आजी 'उसने ने' म्हणून देई आणि परत मागण्याचे सोयीस्करपणे विसरे. शेजारीण मात्र विसरत नसे. पावसाळा संपला की अळूची जुडी, कधी चार तोरिंगणे मागच्या दारात येऊन पडत.

श्रीकृष्णाचे वागणेही नीट पाहण्यासारखे आहे. राजवाडा पाहून सुदामा पुरचुंडी लपवतो, तर कृष्ण ती स्वतः ओढून घेतो. त्याने आधी घेतले. मित्राला देणारा केले. आणि स्वतः जे द्यायचे ते समोरासमोर, राण्यांच्या देखत दिलेच नाही. सुदामा रिकाम्या हाताने परत निघतो, आणि मिळाले ते त्याला घरी गेल्यावर दिसते. त्याला घेताना कोणीच पाहिले नाही.

हे सांगत असताना तिसऱ्या बाकावरून प्रथमच आवाज आला. "सर, मग ते वह्यांचे कपाट उघडेच ठेवा."

तेव्हापासून वाचनालयाच्या दाराशी असलेल्या लहान कपाटाला कुलूप नसते. आत वह्या, पेन्सिली, कंपासपेट्या असतात. नोंदवही नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शंका काढली की, ज्यांना गरज नाही तेही नेतील. नेत असतील. हा तोटा आम्ही धरून चाललो आहोत.

हे लिहिण्यापूर्वी आम्ही त्या विद्यार्थिनीची परवानगी घेतली. ती आता नोकरी करते. तिने दोन अटी घातल्या: नाव लिहायचे नाही, आणि ट्रकचा रंग लिहायचा नाही, कारण गावात लोक त्यावरून ओळखतील. दोन्ही पाळल्या आहेत.

त्या पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही कपाटात साठ वह्या ठेवल्या होत्या. परीक्षेच्या आधी मोजल्या तेव्हा एकोणीस उरल्या होत्या. त्यांतील दोन आम्ही आणलेल्या नव्हत्या. दोऱ्याने शिवलेल्या होत्या, आणि शिवण अगदी सरळ होती.