सहा फूट रुंद, चार फूट उंच

आइस हॉकीत गोल झाला की जाळ्यामागे लाल दिवा पेटतो. सगळ्या स्टेडियमला तो दिसतो. गोलकीपरला मात्र मान वळवल्याशिवाय दिसत नाही. पुढच्या फळीची चूक बचावपटू झाकतात, बचावपटूंची गोलकीपर. त्याची चूक झाकायला मागे कोणीच नसतं. एप्रिल उजाडून मोसमाअखेरचे बाद फेरीचे सामने, म्हणजे प्लेऑफ, सुरू झाले की कॅनडातल्या शहरांचा जीव या एका माणसात अडकतो. इथे राहायला आल्यापासून माझाही अडकू लागला.

मिसिसागात आमच्या घराजवळच्या रिंकवर शनिवारी सकाळी लहान मुलांचे सामने असतात. बर्फ नुकताच यंत्राने गुळगुळीत करून ठेवलेला असतो. बाकीची मुलं त्यावर गोल गोल घिरट्या घालतात, पण गोलकीपर मुलगा थेट आपल्या निळ्या अर्धवर्तुळात जातो आणि स्केटच्या पात्यांनी तिथला बर्फ खरवडायला लागतो. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पांढरा भुगा वर येईपर्यंत. काचेसारख्या बर्फावर त्याला चटकन थांबता येणार नाही, म्हणून ही तयारी. मग तो स्टिकने एका खांबावर टक् करतो, दुसऱ्या खांबावर टक् करतो. खेळ सुरू झाल्यावर मागे बघायची सोय नाही. खांब कुठे आहेत हे अंगालाच ठाऊक असावं लागतं. इतर मुलांचे आईवडील काचेला नाक लावून ओरडत असतात. गोलकीपरची आई बहुतेक वेळा सगळ्यांपासून लांब, एकटीच उभी दिसते.

जाळं सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. पक म्हणजे इंचभर जाडीची, तीन इंच व्यासाची, साधारण 170 ग्रॅमची, गोठवून कडक केलेली रबरी चकती. मोठ्या खेळाडूंच्या स्टिकवरून ती ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने सुटते, आणि समोर आपले-परके चार-पाच जण आडवे उभे असतात. पक दिसला, मग हात हलवला, एवढी सवड नसते. कोन ओळखून जागा आधीच धरावी लागते.

प्लेऑफमध्ये हे सगळं तेच असतं, पण पराभवाची किंमत बदलते. आज 16 संघ उतरतात. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे. म्हणजे विजेत्याचा स्टॅनले कप हाती यायला 16 विजय लागतात. बरोबरी झाली तर 20-20 मिनिटांचे डाव वाढत जातात आणि पहिला गोल झाला की खेळ खलास. मार्च 1936 मध्ये डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्स यांचा सामना असाच सहाव्या ओव्हरटाइमपर्यंत गेला आणि पहाटे दोन वाजून गेल्यावर 1-0 असा सुटला. ऑगस्ट 2020 मध्ये कोविडमुळे रिकाम्या ठेवलेल्या टोरांटोच्या स्टेडियममध्ये कोलंबसच्या योनास कोर्पिसालोने पाच ओव्हरटाइम मिळून 85 फटके अडवले. तीन अडवता आले नाहीत, आणि त्याचा संघ सामना हरला. त्याच्या त्या रात्रीला अपयश म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दडपणाखाली चमकणाऱ्या गोलकीपरांची गोष्ट निघाली की लोक अभेद्य भिंतीच्या गोष्टी सांगतात. डेट्रॉइटच्या टेरी सॉचकने 1952 च्या प्लेऑफमध्ये आठ सामन्यांत फक्त पाच गोल दिले आणि आठही सामने संघाने जिंकले. तो आकडा थक्क करणाराच आहे. पण माझं मन भिंतीपाशी रमत नाही. गोल खाल्ल्यावर, दिवा पेटून विझल्यावर, अर्ध्या मिनिटात पुन्हा त्याच जागी उभं राहावं लागतं, तेव्हा तो माणूस कसा उभा राहतो, ते मला पाहायचं असतं. खरं दडपण त्या अर्ध्या मिनिटात असतं.

म्हणून मी केन ड्रायडनकडे परत परत वळतो. 1971 च्या मार्चमध्ये मॉन्ट्रियल कनेडियन्सने त्याला वर बोलावलं तेव्हा तो मॅकगिल विद्यापीठात कायदा शिकत होता. वय 23, उंची सहा फूट चार इंच. मोसम संपेपर्यंत त्याला जेमतेम सहा सामने मिळाले. सहाही संघाने जिंकले. आणि पहिल्याच फेरीत गाठ पडली गतविजेत्या बॉस्टनशी. त्यांच्याकडे बॉबी ऑरसारखा दिग्गज बचावपटू होता आणि त्या मोसमात 76 गोल करून विक्रम केलेला फिल एस्पोझिटो. अनुभवी गोलकीपर बाजूला ठेवून या पोराला उभं करणं हा वेडेपणाच वाटला असणार.

पहिला सामना हरले. दुसऱ्यात बॉस्टन 5-1 ने पुढे होतं. पाच वेळा ड्रायडनच्या पाठीमागे तो दिवा पेटला होता, आणि तोही बॉस्टनच्याच मैदानावर, त्यांच्या प्रेक्षकांसमोर. कोणाही नवख्याचे पाय गळाले असते. पुढे मॉन्ट्रियलने सहा गोल केले आणि सामना 7-5 ने जिंकला. इतिहासात ते सहा गोल लिहिले गेले, ते रास्तच आहे. मला मात्र दिसतो तो बॉस्टनला न मिळालेला सहावा गोल. सात सामन्यांनंतर गतविजेते घरी गेले.

खेळ दूर दुसऱ्या टोकाला चालू असला की ड्रायडन स्टिक उभी धरायचा, तिच्या टोकावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी टेकून बघत राहायचा. माळावर मेंढरं चरत असताना काठीवर हनुवटी ठेवून उभा असलेला आपल्याकडचा धनगर असाच दिसतो. ही ऐट नव्हती. थोड्या वेळाने अंग पेटवावं लागणार आहे, म्हणून तोवर ते विझवून ठेवायचं, अशी ती विश्रांती होती.

याच्या अगदी उलट पॅट्रिक रुआ. मान सतत झटकत राहणारा, बर्फावरच्या रेषांवर पाय न ठेवणारा, गोलच्या खांबांशी बोलणारा. विसाव्या वर्षी, 1986 मध्ये, तो प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 1993 मध्ये मॉन्ट्रियलने ओव्हरटाइमचे लागोपाठ दहा सामने जिंकले, सगळे रुआच्या भरवशावर. अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात, ओव्हरटाइममध्ये, फटका अडवून त्याने लॉस एंजलिसच्या टोमस सँडस्ट्रमला चक्क डोळा मारला. सातवा सामना एकालाच सोपवायचा झाला तर बहुतेक जण रुआचं नाव घेतील, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. तरी मी ड्रायडनलाच उभा करीन. रुआचा विश्वास मला दिपवतो. ड्रायडनचा संयम मला माणसाच्या आवाक्यातला वाटतो.

18 मे 1971. शिकागोमध्ये अंतिम फेरीचा सातवा सामना. शिकागो 2-0 ने पुढे. त्यांच्या जाळ्यात होता टोनी एस्पोझिटो, बॉस्टनच्या फिलचा सख्खा भाऊ. आदल्याच मोसमात त्याने तब्बल 15 सामन्यांत एकही गोल होऊ दिला नव्हता. मॉन्ट्रियलच्या जाक लमेअरने मैदानाच्या मध्याजवळून एक फटका हाणला. इतक्या लांबून कोणी गोल करत नाही. टोनीला पक नीट दिसलाच नाही आणि तो आत गेला. मग हेन्री रिचर्डने दोन गोल केले. शेवटच्या डावात शिकागोच्या जिम पॅपिनसमोर जाळं जवळजवळ उघडं होतं, तिथे ड्रायडनचा लांब पाय पोचला. 3-2. कप मॉन्ट्रियलला, आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ड्रायडन. नवोदिताचं पारितोषिक त्याला त्यानंतरच्या वर्षी मिळालं.

एकाच रात्री, एकाच बर्फावर दोन उत्तम गोलकीपर होते. एकाच्या नावावर तो पाय राहिला, दुसऱ्याच्या नावावर तो लांबचा फटका. शिकागोकडून टोनीला कप कधीच मिळाला नाही. त्याला दडपण पेललं नाही, असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही, कारण पुढे सोळा महिन्यांनी काय झालं ते लक्षात ठेवायला हवं.

सप्टेंबर 1972 मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका झाली. कॅनडाच्या जाळ्यात याच दोघांनी चार-चार सामने वाटून घेतले. पहिल्या सामन्यात, मॉन्ट्रियलमध्ये, आपल्याच लोकांसमोर ड्रायडनने सात गोल खाल्ले. मॉस्कोतला सातवा सामना हरला असता तर मालिका हातची गेली असती. त्या रात्री टोनी उभा राहिला आणि कॅनडा 4-3 ने जिंकलं. आठव्या सामन्यात पुन्हा ड्रायडन. दोन डाव संपले तेव्हा सोव्हिएत 5-3 ने पुढे होते. तिसऱ्या डावात त्याने एकही गोल होऊ दिला नाही, आणि 34 सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने सहावा गोल केला. तो गोल इथल्या पोराटोरांना पाठ आहे. पण आठव्या सामन्याला काही अर्थ उरला होता, तो टोनीने सातवा राखला म्हणून.