व्हायोलिन न वाजवणारे व्हायोलिनगुरू

पुणे

प्रिय सखी,


तुझं पत्र पोचलं. तुझ्या सकाळच्या योगवर्गात आता गुडघेदुखीच्या आणि पाठदुखीच्या बायकाही येऊ लागल्या, त्यांच्यासाठी तू घडीच्या लोखंडी खुर्च्या मागवल्यास, हे वाचून मन भरून आलं. पण ‘खुर्चीचा आधार घेऊन केलेला योग हा योगच नव्हे’ असं कुणीतरी तुला सुनावलं, आणि ते तुला लागलं, हेही ओळींमधून कळलं. त्या बोलण्याला उत्तर द्यायच्या भानगडीत तू पडू नकोस. मी तुला बी. के. एस. अय्यंगार यांच्याविषयी आणि त्यांच्या एका मित्राविषयी लिहिते. तुला त्यातलं थोडंफार ठाऊक असेलच, तरीही सगळं सलग वाच.

अय्यंगार यांचा जन्म 14 डिसेंबर 1918 चा, कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूर गावचा. जगभर इन्फ्लुएन्झाची साथ सुरू होती आणि ती त्यांच्या आईलाही बाधली होती. मूल जन्माला आलं तेच अशक्त. पुढे मलेरिया, टायफॉइड, क्षय असं एकामागून एक दुखणं आलं. हातपाय बारीक, पोट पुढे आलेलं, मानेला डोक्याचं ओझं पेलवत नाही, असं आपल्या लहानपणच्या शरीराचं वर्णन ते स्वतःच करत. वडील शाळामास्तर होते. मुलगा नऊ वर्षांचा असताना तेही गेले.

1934 साली ते म्हैसूरला आपल्या मेव्हण्यांकडे, टी. कृष्णमाचार्यांकडे गेले. म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयाने जगनमोहन राजवाड्यात कृष्णमाचार्यांची योगशाळा चाले. या आजारी पोराकडून त्यांना फारशी आशा नव्हती. त्यांचा लाडका शिष्य एका प्रात्यक्षिकाच्या तोंडावर निघून गेला, म्हणून नाइलाजाने या मुलाला पुढे केलं गेलं. शिकवणं कठोर होतं. एका प्रात्यक्षिकात गुरूंनी आयत्या वेळी हनुमानासन करून दाखवायला सांगितलं. दोन्ही पाय पुढे-मागे पूर्ण पसरायचे, तेही आधीची काही तयारी नसताना. त्यांनी केलं, आणि मांडीमागचे स्नायू फाटले. ते दुखणं पुढे बराच काळ त्यांच्या मागे राहिलं.

शरीर म्हणजे काय, ते कुठे अडतं, कुठे दुखतं, कुठे घाबरतं, हे त्यांना आधी स्वतःच्या अंगावर कळलं. त्यांचं सारं मोठेपण मला इथे दिसतं.

1937 मध्ये डेक्कन जिमखान्याला योगशिक्षक हवा होता. थोडंफार इंग्रजी येतं म्हणून या अठरा वर्षांच्या मुलाला सहा महिन्यांसाठी पुण्यात पाठवलं गेलं. मराठीचा एक शब्द येत नव्हता. तेव्हाचं पुणं व्यायामाच्या बाबतीत मुळीच मागासलेलं नव्हतं. पेठापेठांतून तालमी होत्या, मल्लखांब होता, औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार घरोघरी नेला होता, आणि घाटावर लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम 1924 पासून प्रयोगशाळेत योगाची तपासणी करत होतं. अशा गावात, स्वतःहून वयाने मोठ्या आणि अंगाने भरलेल्या कॉलेजच्या मुलांसमोर हा किडकिडीत मास्तर उभा राहिला. त्याने दिवसाचे कितीतरी तास एकट्याने सराव केला. सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. मग जिमखान्याची नोकरी संपली आणि फार हालाखीचे दिवस आले. कधी थोडा भात, कधी नुसता चहा यावर दिवस निघत. तरीही पुणं त्यांनी सोडलं नाही.

आता तुझ्या खुर्च्यांकडे येते. त्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्याकडे पुण्यातले ऐंशी ओलांडलेले एक प्राध्यापक शिकायला आले. आजाराने ते इतके खंगले होते की उभं राहणंच शक्य नव्हतं. उभ्याने करायची आसनं त्यांना शिकवणार कशी? अय्यंगारांनी त्यांना आडवं झोपवलं आणि झोपल्या-झोपल्याच ती आसनं करून घेतली. हातापायांना आधार दिला, दिशा दिली. म्हाताऱ्याच्या अंगात ताकद येऊ लागली. पुढे साठ-सत्तर वर्षं चाललेल्या प्रयोगांची बीजं तिथेच पडली. रस्त्यावरची वीट, घरातली सतरंजी, कमरेचा पट्टा, भिंतीतल्या कड्यांना बांधलेले दोर, लोड, बाक, आणि हो, घडीची खुर्ची, ही सगळी साधनं त्यांनी दुखऱ्या माणसांना आसनात सुखाने थांबता यावं म्हणून घडवली. निरोगी माणसालाही त्यांचा उपयोग होतो हे नंतर लक्षात आलं. आज जगभरच्या योगवर्गांत लाकडाची किंवा फोमची वीट दिसते. तिचा उगम पुण्याचा आहे, हे किती जणांना माहीत असेल?

1943 मध्ये रमामणींशी लग्न झालं. त्यांना योगाची काहीच ओळख नव्हती. गुरू दूर म्हैसूरला, आणि पुण्यात तर आसनात चूक काय झाली हे सांगायला कुणीच नाही. रमामणी शिकल्या, आणि नवऱ्याच्या सरावात हात द्यायला, चूक दाखवायला लागल्या. चरित्रांमध्ये या गोष्टीला दोन-चार ओळी मिळतात. माझ्या मते ती अय्यंगार योगाच्या पायातली गोष्ट आहे, कारण दुसऱ्याच्या शरीराला हात लावून त्याला नेमकं काय हवं हे ओळखण्याचं शिक्षण त्या घरात दोघांनी मिळून घेतलं.

आता त्या मित्राविषयी. येहुदी मेन्युहिन यांचं नाव तू ऐकलं असशील. न्यूयॉर्कमध्ये 1916 साली जन्मलेले, लहानपणीच जगाला थक्क करणारे व्हायोलिनवादक. पण ज्याला बालपणी सगळं आपोआप येतं त्याला मोठेपणी ते ‘कसं येतं’ याचा शोध घ्यावा लागतो, तसं त्यांचं झालं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम करून शरीर थकलं, गज धरणारा हात अडू लागला, झोप उडाली. 1951 मध्ये न्यूझीलंडला हाडं आणि स्नायूंवर उपचार करणाऱ्या एका वैद्याकडे वाट पाहत बसले असताना योगावरचं एक छोटं पुस्तक त्यांच्या हाती पडलं आणि त्यांनी स्वतःच आसनं करून पाहायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. नेहरूंनी त्यांना शीर्षासन करून दाखवायला सांगितलं, आणि मग नेहरूंनीही करून दाखवलं, ही हकिगत मेन्युहिन यांनीच सांगितलेली आहे.

मुंबईत अय्यंगारांची गाठ घालून देण्यात आली. वेळ दिला होता फक्त पाच मिनिटांचा. अय्यंगारांनी काहीही सांगत बसण्याऐवजी त्यांना शवासनात झोपवलं आणि बोटांनी कान-डोळे हलकेच झाकून श्वास शांत केला. मेन्युहिन गाढ झोपले. जागे झाले ते कित्येक दिवसांत मिळाला नव्हता एवढा ताजेपणा घेऊन. मग ती भेट तासांवर गेली. पुढच्या भेटींत त्यांना कळलं की आपली अडचण बोटांत नाही, ती खांद्यात, बरगड्यांत, श्वासात आणि उभं राहण्याच्या पद्धतीत आहे. अय्यंगारांनी आयुष्यात व्हायोलिन हाती धरलं नव्हतं. पण हात कुठून हलतो हे त्यांना माहीत होतं.

1954 मध्ये मेन्युहिन यांनी त्यांना स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाड इथे नेलं. निघताना एक मनगटी घड्याळ भेट दिलं. त्यावर कोरलेल्या मजकुरात त्यांनी अय्यंगारांना आपला सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक म्हटलं आहे. जगातल्या पहिल्या रांगेतल्या वादकाने हे म्हणावं, यात नुसता सौजन्याचा भाग नव्हता. पुढे 1982 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या शताब्दीच्या वेळी मेन्युहिन यांनी शीर्षासनात उभं राहून पायांनी बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचं दिग्दर्शन केलं. तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते.

त्या मैत्रीतून अय्यंगारांसाठी लंडन, पॅरिस, अमेरिका अशी दारं उघडत गेली. 1958 मध्ये बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ, वय ऐंशीच्या पुढे, त्यांच्याकडून शीर्षासन शिकल्या. 1966 मध्ये लंडनहून त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ प्रसिद्ध झालं. प्रस्तावना मेन्युहिन यांची, आत सुमारे 200 आसनं आणि 600च्या आसपास छायाचित्रं. आपल्याकडे ते ‘योगदीपिका’ म्हणून ओळखलं जातं. साठच्या दशकाच्या अखेरीला लंडनच्या शिक्षण खात्याने प्रौढांसाठीच्या वर्गांमध्ये त्यांची पद्धत घेतली. त्याला एक अट होती, की आसनं शिकवायची, तत्त्वज्ञान नाही. अय्यंगारांनी ती मान्य केली. त्यांचा विश्वास असा की माणसाने नुसत्या आसनांपासून सुरुवात केली, तरी पुढची वाट त्याला स्वतःहून सापडेल. मला तो विश्वास फार मोलाचा वाटतो. आणि तुझ्या वर्गातल्या ज्या बायका फक्त पाठदुखीसाठी येतात, त्यांना तू जे करू देतेस, तेही हेच आहे.

अय्यंगारांची मॉडेल कॉलनीतली संस्था तू एकदा पाहिली आहेस. ‘रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था’ हे नाव तिला का, हे त्या वेळी आपण विचारलंच नाही. भूमिपूजन रमामणींच्या हातून झालं, आणि काही दिवसांतच, जानेवारी 1973 मध्ये, त्या गेल्या. वास्तू उभी राहून जानेवारी 1975 मध्ये सुरू झाली. अष्टांगांसाठी आठ खांब, भिंतीला दोर, कोपऱ्यात खुर्च्यांची चळत. ज्यांना दुखणी आहेत त्यांच्यासाठी वेगळा वर्ग भरे. एखाद्याला लोडावर आडवं केलेलं, दुसऱ्याच्या पायाला पट्टा बांधलेला, तिसऱ्याला भिंतीच्या दोराने तोललेलं, असा तो वर्ग चाले. मोठी कन्या गीता लहानपणी मूत्रपिंडाच्या आजाराने त्रस्त होत्या. योगानेच त्या उभ्या राहिल्या आणि पुढे स्त्रियांच्या योगाच्या अधिकारी शिक्षिका झाल्या. मासिक पाळीत, गरोदरपणात, पाळी जाताना काय करावं आणि काय टाळावं, हे त्यांनी स्पष्टपणे लिहिलं आणि शिकवलं. तुझा वर्ग मुख्यतः बायकांचा, तेव्हा त्यांचं लेखन तू जवळ ठेवच.

अय्यंगार रागीट होते, हेही सांगायला हवं. वर्गात ओरडत, चापट्या मारत. त्यांचे शिष्य त्याविषयी प्रेमाने बोलतात, पण मला वाटतं की त्यांच्याकडून घेण्यासारख्या गोष्टींत ही नाही. म्हैसूरला जे त्यांनी सोसलं त्याचा काही अंश त्यांच्यात उतरला असावा. तू कधी आवाज चढवत नाहीस. गुडघा न दुमडणाऱ्या बाईला ‘राहू दे’ न म्हणता तिच्या टाचेखाली चादरीची घडी सरकवतेस. ज्वारीची भाकरी, भाजी, ताक आणि दिवेलागणीचं जेवण हे तू वर्षानुवर्षं पाळतेस, पण समोरच्याच्या ताटावर कधी बोलत नाहीस. तुझ्या शेजारी राहून जितक्या जणींनी चालायला, लवकर झोपायला सुरुवात केली, तितक्या जणींनी ती उपदेशाने कधीच केली नसती.

1979 मध्ये अय्यंगारांना स्कूटरच्या अपघातात खांद्याला आणि पाठीला जबर मार लागला, आणि काही महिन्यांतच आणखी एक अपघात झाला. साठी ओलांडलेला, जगाला शीर्षासन शिकवणारा माणूस स्वतः शीर्षासन करू शकेना. इतरांसाठी बनवलेल्या विटा, बाक, दोर आणि खुर्च्या त्यांनी आता स्वतःसाठी घेतल्या आणि नव्याने, एकेक आसन करत, सराव पुन्हा उभा केला. त्याला वर्षं लागली. नव्वदी उलटल्यावरही ते रोज सकाळी कॉफी घेऊन सरावाला येत, दुपारी संस्थेच्या तळघरातल्या ग्रंथालयात बसून पत्रांना उत्तरं देत. 1991 मध्ये पद्मश्री, 2002 मध्ये पद्मभूषण, 2014 मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले, आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला, पंचाण्णव वर्षांचे असताना, ते पुण्यातच गेले. मेन्युहिन त्याआधी, 1999 मध्ये बर्लिनमध्ये गेले होते. 2018 च्या डिसेंबरात अय्यंगारांची जन्मशताब्दी साजरी झाली आणि दोनच दिवसांनी गीताताईंचं निधन झालं.

तुला सुनावणाऱ्या माणसाला हे सगळं सांगावं असं मला वाटत नाही. मात्र एक काम तू करच. प्रत्येकीचं दुखणं काय, डॉक्टरांनी काय सांगितलंय, कोणतं आसन कोणत्या आधाराने दिलंस, किती वेळ थांबवलंस आणि दुसऱ्या दिवशी तिला कसं वाटलं, हे रोजच्या रोज वहीत लिहून ठेव. रक्तदाबाच्या आणि डोळ्यांच्या रुग्णांना उलटी आसनं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नकोस. छापील पुस्तकांत बहुतेक चित्रं तयार शरीरांची असतात. आपल्या गावातल्या, साठीतल्या, दुखऱ्या सांध्यांच्या बायकांसाठी अशी वही मिळणं कठीण आहे. ती तू लिही, आणि पहिली पानं भरली की मला वाचायला पाठव.

तुझी,
पुण्याची मैत्रीण