थोडं प्रेशर येऊ द्या!

नोकरी गेली, हातात उरले साठ दिवस... आणि गॅरेजमध्ये पडला होता एक सुपरचार्जर!

"काय करून राह्यला बे?"

सकाळचे साडेसात. सॅन होजेमधल्या आमच्या भाड्याच्या घराचं गॅरेज. दारात कॉफीचा मग घेऊन माझा नागपूरकर रूममेट उभा. आणि मी? मी माझ्या लाडक्या मियाटाच्या बॉनेटखाली, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"सुपरचार्जर बसवतोय."

"नोकरी जाऊन चार दिवस झाले, अन् तू गाडीचा पिकअप वाढवून राह्यला?"

प्रश्न अगदी करेक्ट होता. उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. मी पुन्हा बॉनेटखाली डोकं घातलं.

आता जरा मागे जाऊ. माझी गाडी १९९६ सालची माझदा मियाटा. दोन सीट, उघडं छप्पर, १.८ लिटरचं इंजिन आणि कागदावर १३३ हॉर्सपॉवर. वळणांवर अशी फिरते की, बस्स! पण सरळ रस्त्यावर? हायवेवर शिरताना मागून धडधडत येणाऱ्या ट्रकला मनातल्या मनात हात जोडावे लागतात. म्हणून एका गृहस्थाकडून सेकंडहँड सुपरचार्जर किट घेतलं होतं. तीन खोकी, एक पिशवीभर बोल्ट आणि डाग पडलेलं इन्स्ट्रक्शनचं पुस्तक. गेले आठ महिने ती खोकी गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होती. कारण? तेच आपलं सगळ्यांचं. वेळ कुठे आहे!

आणि मग एका शुक्रवारी दुपारी पंधरा मिनिटांची मीटिंग झाली. कॅमेऱ्यात बॉस आणि शेजारी एचआरची अनोळखी बाई. मीटिंग संपली तेव्हा माझं लॅपटॉपचं लॉगिनही बंद झालं होतं. आता वेळच वेळ!

साठ दिवसांचं घड्याळ

एच-वन-बी व्हिसावाल्यांना हे गणित तोंडपाठ असतं. नोकरीचा शेवटचा दिवस संपला की जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात नव्या कंपनीने तुमचा अर्ज दाखल केला तर ठीक, दुसरा काही मार्ग सापडला तर ठीक, नाहीतर बॅग भरा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर साठावा दिवस लाल पेनने गोल केला. सकाळी चार तास अर्ज, संध्याकाळी इंटरव्ह्यूची तयारी. मधल्या वेळात माणसाने काय करायचं? छताकडे बघत बसलो की छातीत धडधड व्हायची. गॅरेजमध्ये गेलो की थांबायची. एवढंच कारण होतं, खरं सांगायचं तर.

रूममेटने सुचवलं, "किट विकून टाक, दोन पैसे येतील." शहाणपणाचंच होतं ते. मी ऐकलं नाही.

हवा भरायची म्हणजे काय?

तुम्ही म्हणाल, हा सुपरचार्जर असतो तरी काय? एकदम सोप्पं आहे. इंजिन हवा आणि पेट्रोल जाळून चालतं. साधं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं, म्हणजे वातावरणाचा दाब, साधारण १४.७ पीएसआय, जेवढी आत ढकलेल तेवढीच. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. माझ्या किटमध्ये ईटनचा एम-४५ होता. नावातले ४५ म्हणजे एका फेरीत ४५ घनइंच हवा. आत एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर. ही मूळ आयडिया अमेरिकेतल्या रूट्स बंधूंची. १८६० साली त्यांनी पेटंट घेतलं तेव्हा मोटारगाडी अजून जन्मायची होती!

तर हा पंप वातावरणाच्या दाबावर आणखी सहा पीएसआय चढवतो. म्हणजे कागदावर चाळीस टक्के जास्त हवा. प्रत्यक्षात थोडी कमी, कारण दाबलेली हवा तापते, आणि पंप फिरवायलाही इंजिनाचीच ताकद लागते. फुकट काहीच मिळत नाही.

पण खरी गोम पुढे आहे. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. प्लग 'थंड' जातीचे लागतात. यातलं एक जरी चुकलं तर मिश्रण नको तिथे, नको तेव्हा भडकतं. त्याला नॉकिंग म्हणतात. जास्त झालं तर पिस्टनला भोक!

म्हणून पहिला नियम : प्रेशर वाढवण्याआधी इंजिन किती धडधाकट आहे ते तपासा. मी चारही प्लग काढून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. १७८, १७५, १८०, १७६. चौघेही जवळपास सारखे. जवळजवळ तीस वर्षांची गाडी, पण आतून ठणठणीत. माझा स्वतःचा रिपोर्ट एवढा चांगला आला नसता!

आटे गेले!

पहिले दोन दिवस मजेत गेले. या गाडीची बॅटरी डिकीत असते, तिची तार काढली. त्याआधी पेट्रोलच्या पाइपमधलं प्रेशर उतरवायला फ्युएल पंपाचं कनेक्शन सोडून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं. कूलंट काढलं. प्रत्येक पाइप सुटण्याआधी मोबाइलवर फोटो. बोल्ट ठेवायला अंड्यांचा ट्रे, प्रत्येक खड्ड्यावर पेनने नंबर. एकदम प्रोफेशनल!

बाराव्या दिवशी सकाळी मी सुपरचार्जरचा ब्रॅकेट आवळत होतो. पुस्तकात लिहिलं होतं, टॉर्क रेंच वापरा. टॉर्क रेंच रूममेटच्या गाडीत राहिला होता. म्हटलं, अंदाजाने आवळू. लांब दांड्याचा पाना घेतला. थोडं आणखी, थोडं आणखी... आणि अचानक बोल्ट लोण्यात फिरल्यासारखा हलका झाला.

ज्यांनी कधी हातात पाना धरलाय त्यांना कळेल. पोटात खड्डा पडतो. ॲल्युमिनियमच्या भोकातले आटे गेले होते. कॉम्प्युटरवर असं झालं असतं तर कंट्रोल-झेड दाबून मोकळा झालो असतो. इथे चुकीचे तुकडे हातात येतात, चकचकीत, बारीक.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

आमचे बाबा रिटायर्ड फिटर. चिंचवडला एका वाहन कंपनीत चौतीस वर्षं. मी लहानपणी त्यांच्या पेटीतल्या पान्यांना हात लावला की आई ओरडायची, "त्याला अभ्यास करू दे." मी अभ्यास केला. कॉम्प्युटरमध्ये आलो. बाबांशी माझं बोलणं म्हणजे "तब्येत बरी?", "पाऊस आहे का?" आणि मग फोन आईकडे.

"बाबा, आटे गेले."

"दाखव." चष्मा डोळ्यांवर आला. "कशाने आवळत होतास?"

मी पाना दाखवला.

"एवढा लांब? अरे, ते ॲल्युमिनियम आहे. हेलिकॉइल टाक. मिळत असेल की तिकडे."

मग त्यांनी रीतसर समजावलं. मूळ भोकापेक्षा किंचित मोठं भोक पाडायचं. त्यात टॅपने नवे आटे पाडायचे. स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी आत फिरवून बसवायची. मग त्याच मापाचा बोल्ट पुन्हा बसतो. "टॅपला ग्रीस लाव, म्हणजे कीस त्याला चिकटेल, इंजिनात जाणार नाही. आजूबाजूची तोंडं फडक्याने बंद कर. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. घाई नको."

मी लिहून घेत होतो. मान वर केली तर ते माझ्याकडेच बघत होते.

"आज मंगळवार ना रे?"

"हो."

"तुझ्याकडे सकाळचे आठ. हात काळे. ऑफिस नाही?"

बारा दिवस मी घरी काही बोललो नव्हतो. आईला झोप लागणार नाही म्हणून. आणि मला काय वाटतंय ते मलाच नीट सांगता येत नव्हतं म्हणून. त्या क्षणी मात्र खोटं सुचलं नाही.

"नोकरी गेली, बाबा."

मागे टीव्हीवर सिरियल चालू होती. बाबांनी रिमोट उचलून आवाज बंद केला.

"किती दिवस आहेत?"

"अठ्ठेचाळीस उरले."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू दोन वर्षांचा होतास तेव्हा आमच्या कंपनीत टाळेबंदी झाली होती. चार महिने. तुला माहीत नसेल."

मला खरंच माहीत नव्हतं!

"रोज डबा घेऊन निघायचो. आईलासुद्धा पहिला महिना सांगितलं नव्हतं. एका मित्राच्या गॅरेजवर स्कूटरी खोलायचो. तिला कळलं तेव्हा ती नोकरीसाठी नाही चिडली, डबा घेऊन खोटं बोललो म्हणून चिडली." हसले. "तिला आजच सांग. मी इथेच बसलोय."

मी सांगितलं. आई रडली, मग जेवतोस का ते विचारलं, मग पुन्हा रडली. फोन ठेवता ठेवता बाबांचा आवाज आला, "आणि ऐक. हेलिकॉइल नीट बसली ना, तर ती जागा आधीपेक्षा मजबूत होते."

ते बोल्टबद्दलच बोलत होते. आमचे बाबा दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाहीत.

कानाला नळी

त्यानंतर रोज सकाळी आठला, म्हणजे चिंचवडला रात्री साडेआठला, आमचा फोन ठरलेला. आईची सिरियल गेली ती गेलीच! पट्टा किती ताणायचा, पॅकिंग बसवण्याआधी जागा कशी घासून साफ करायची, सगळ्यात बाबा हजर. एकविसाव्या दिवशी गाडी पहिल्यांदा चालू केली. झाली! पण आयडलिंगला आरपीएम वर-खाली, वर-खाली.

"कुठेतरी हवा खातेय," बाबा म्हणाले. "रबरी नळीचं एक टोक कानाला लाव, दुसरं जॉइंटवर फिरव."

मी गंभीर चेहऱ्याने कानाला नळी लावून इंजिनाभोवती फिरत होतो. रूममेटने याचा व्हिडिओ काढला, तो आमच्या सगळ्या ग्रुपवर गेलाय. पण चौथ्या जॉइंटवर स्पष्ट फुसफुस ऐकू आली. क्लॅम्पखाली नळी नीट बसलीच नव्हती. नळी बसवली आणि आरपीएम एकदम शांत.

मग टायमिंग. या इंजिनाचं मूळ टायमिंग १० डिग्री. टायमिंग लाइट लावून, मागचा सेन्सर केसभर फिरवून पुस्तकात सांगितलं होतं तेवढं ते मागे घेतलं. प्रेशर वाढवायचं तर ठिणगीची घाई कमी करायची, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी तर नोकरी गेल्या दिवसापासून उलटंच करत होतो. दिवसाला तीस अर्ज, दोन तास जेवण नाही, रात्री तीनला मेल चेक. दुसऱ्या दिवसापासून अर्ज आठवर आणले, पण आठही वाचून, विचार करून. आणि दुपारी पोळी-भाजी. पेट्रोल वाढवलं म्हणा!

माउंट हॅमिल्टन

पहिली मोठी राइड माउंट हॅमिल्टनवर. सॅन होजेपासून लिक वेधशाळेपर्यंत जाणारा हा रस्ता १८७५-७६ मध्ये घोडागाड्यांसाठी बांधला. घोड्यांना दम लागू नये म्हणून चढ सौम्य आणि वळणं शेकड्यांनी. वर माथा सुमारे १,२८० मीटर.

ॲक्सिलरेटर दाबला आणि एक बारीक शिट्टी सुरू झाली. जसा वेग वाढेल तशी चढत जाणारी. पाठ सीटला टेकली. तीच गाडी, तोच मी, पण चढ जणू सपाट झाला होता. कितीतरी दिवसांनी मी मोठ्याने हसलो.

आणि अर्ध्या वाटेवर, चौथ्या गिअरमध्ये, भर उन्हात, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. नॉकिंग! मी पाय काढला, गाडी कडेला घेतली. आठवलं की टाकीत पाव टाकी जुनं ८७ ऑक्टेन तसंच होतं, त्यावरच मी ९१ भरलं होतं. हळूहळू, अगदी पाय न दाबता, खाली उतरलो. ती टाकी शांतपणे चालवून संपवली, मग पूर्ण ९१ भरलं. आवाज परत आला नाही. पुस्तकात पहिल्याच पानावर जाड अक्षरांत लिहिलं होतं ते. आम्ही काय वाचतोय!

किती हॉर्सपॉवर वाढली? डायनोवर नेली नाही, त्यामुळे आकडा सांगणार नाही. पण स्मॉग टेस्ट पास झाली. कॅलिफोर्नियात १९९९ पर्यंतच्या गाड्यांचा धूर रोलरवर चालवून मोजतात आणि सुपरचार्जरवर सरकारी मंजुरीचा ईओ नंबर आहे का, तेही बघतात. किट सेकंडहँड घेणार असाल तर आधी तो स्टिकर बघा. आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, तुम्ही हा उद्योग करू नका. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत.

नोकरीचं विचारताय? त्रेचाळिसाव्या दिवशी ऑफर आली. चोपन्नाव्या दिवशी अर्ज दाखल झाला. पगार आधीपेक्षा थोडा कमी. कॅलेंडरवरचा लाल गोल मी तसाच ठेवलाय.

त्या संध्याकाळी मी गॅरेजमध्ये गाडी चालू केली आणि बाबांना शिट्टी ऐकवायला फोन इंजिनापाशी धरला. ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढली. शिट्टी चढली, उतरली.

"ऐकू आलं का?"

"आलं की. कुकरच लावलास तू. प्रेशर किती म्हणालास?"

"सहा पीएसआय."

"बास? तुझ्या आईच्या कुकरमध्ये पंधरा असतं. रोज!" मागून आई काहीतरी म्हणाली. बाबा हसत होते. "ती विचारतेय, किती शिट्ट्या झाल्या की बंद करणार?"