बांधले कोणी, बांधविले कोणी

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांत एक तक्ता ठरलेला असतो. डाव्या रकान्यात जगप्रसिद्ध वास्तू, उजव्या रकान्यात त्यांचे वास्तुरचनाकार. ताजमहाल : उस्ताद अहमद लाहोरी. आयफेल टॉवर : गुस्ताव्ह आयफेल. सिडनीचे ऑपेरा हाउस : यॉर्न उत्झन. सातारा-सांगलीकडच्या अभ्यासिकांतून असे तक्ते पाठ करणारी मुले आम्ही नित्य पाहतो. पाठांतराला आमची हरकत नाही. मात्र मराठी शिकविणाऱ्यांचे लक्ष त्या दोन रकान्यांपेक्षा त्यांच्या मधल्या रेघेकडे जाते. त्या रेघेच्या जागी 'बांधणे' हे क्रियापद दडलेले आहे आणि त्याचा कर्ता नक्की कोण, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

इतिहासाच्या पुस्तकात ताजमहाल शाहजहानने बांधलेला असतो, सामान्यज्ञानाच्या पुस्तकात लाहोरीने. प्रत्यक्ष वास्तूवर नाव कोरलेले आढळते ते अमानत खान या सुलेखनकाराचे. लाहोरीचे नाव पुढे आले ते त्याच्या मुलाच्या काव्यातील उल्लेखामुळे. पॅरिसच्या मनोऱ्याची पहिली कल्पना १८८४ मध्ये कागदावर मांडली ती मॉरिस केक्लाँ आणि एमिल नूगिए या दोन अभियंत्यांनी. तिला कमानींचा डौल दिला स्तेफान सोव्हेस्त्र या वास्तुरचनाकाराने. हे तिघेही आयफेल यांच्यासाठी काम करीत होते. १८८९ मध्ये मनोरा उभा राहिला आणि नाव राहिले मालकाचे. उत्झन यांची कथा उलट आहे. १९५७ मध्ये त्यांचा आराखडा स्पर्धेत निवडला गेला, १९६६ मध्ये सरकारशी बिनसल्याने त्यांनी काम सोडले, आणि १९७३ मध्ये उद्घाटन झालेली ती वास्तू २००८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी पूर्ण झालेली पाहिली नाही. नाव त्यांचे, पण अंतर्भागाचे पुष्कळसे काम दुसऱ्यांच्या हातचे. तक्त्याचा उजवा रकाना एकाच नावापुरता असतो. वास्तू मात्र एका नावात मावत नाही.

या बाबतीत आपली भाषा एके काळी अधिक काटेकोर होती. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात पहिल्याच काही दिवसांत श्रवणबेळगोळचा शिलालेख शिकविला जातो. गोमटेश्वराच्या पायथ्याशी कोरलेल्या त्या दोन ओळी मराठीतील आद्य शिलालेख म्हणून दीर्घकाळ सांगितल्या गेल्या. पुढे अक्षीच्या शिलालेखाने तो मान मागितला, तो वाद वेगळा. आम्हांला त्यातले क्रियापद महत्त्वाचे वाटते. चावुंडराजाने मूर्ती 'केली' असे तिथे म्हटलेले नाही. 'करवियले' असे म्हटले आहे. गंगराजाने भोवतीचे आवार उभारले, तेही 'करवियले'. शेजारच्या कन्नड लेखातही 'माडिसिदं' असे प्रयोजक रूपच आहे. म्हणजे करविणाऱ्याच्या स्तुतीसाठी कोरलेल्या ओळीतसुद्धा कोरणाऱ्याने व्याकरण सोडले नाही. चावुंडराजाने करविले, याचा अर्थ दुसऱ्या कोणी तरी केले. त्या दुसऱ्याचे नाव ओळीत नाही, पण त्याची जागा क्रियापदाने राखून ठेवली आहे.

ही जागा आपण पुढे बुजवून टाकली. 'अमक्या सरदाराने देऊळ बांधले' असे आपण सहज म्हणतो, लिहितो, परीक्षेत त्याला गुणही देतो. 'हेमाडपंती' हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. चुन्याशिवाय, दगडात दगड गुंतवून उभारलेल्या देवळांच्या एका समृद्ध परंपरेला आपण यादवांच्या दरबारातील एका प्रधानाचे नाव दिले. त्या वर्गात मोडणारी कित्येक देवळे हेमाद्रीच्या जन्माआधीची असूनही दिले. पाथरवटांनी पिढ्यान्‌पिढ्या साधलेले तंत्र कारभाऱ्याच्या नावे जमा झाले.

अपवाद आहेत, आणि ते ठळक आहेत. रायगडावर जगदीश्वराच्या देवळातील संस्कृत शिलालेखात शिवछत्रपतींची आज्ञा आणि हिरोजीची निर्मिती या दोन्ही गोष्टी एकत्र, पण वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. आज्ञा देणारा आणि घडविणारा एकाच लेखात आपापल्या जागी उभे आहेत. याशिवाय पायरीवर हिरोजीच्या सेवेची छोटी नोंद आहे. विजापूरकडे पाहावे तर इब्राहिम रोजाच्या शिलालेखात मलिक संदल याचे नाव येते, आणि गोल घुमटाच्या त्या सुमारे ४४ मीटर व्यासाच्या डोलाऱ्याचा कर्ता म्हणून परंपरा याकूत दाभोळी याचे नाव घेते. दाभोळ म्हणजे आपल्या कोकणातले बंदर. तक्ता पाठ करणाऱ्या मुलांना हे नाव जवळचे वाटायला हरकत नव्हती.

कृष्णेच्या काठाने खाली येताना मात्र उजवा रकाना बहुधा कोराच भेटतो. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. तिथल्या शिलालेखातून कळते की ती शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६ या वर्षांत, म्हणजे सुमारे १७१९ ते १७२४ मध्ये, वीरूबाई भोसले यांनी करविली. अष्टकोनी विहीर, तिच्यात उतरत जाणारा जिना, मध्ये पुलासारखा बांधीव भाग आणि त्यावर दालन, काठावर मोटांच्या जागा. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या तर बैलांच्या धावा, नाड्यांचा ताण, काठाच्या दगडावर येणारे वजन आणि खाली सावलीत बसणाऱ्यांची सोय, हे सारे एका डोक्यात एकत्र आल्याशिवाय अशी रचना संभवत नाही. ते डोके वीरूबाईंचे नव्हते. औदार्य त्यांचे होते, आणि ते थोडे नव्हे.

वाईचा ढोल्या गणपती रास्त्यांनी १७६२ मध्ये उभारला, असे आपण म्हणतो. देवळाच्या मागे गेल्यावर दिसते की गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकाराची, टोकदार केली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. सपाट भिंतीने तो अंगावर झेलला असता. या रचनेखाली सही नाही. पण नदीचा स्वभाव ओळखून तिला वाट करून देणारा तो माणूस त्या भिंतीत जितका स्पष्ट दिसतो, तितका कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

तीच कृष्णा सांगलीत आयर्विन पुलाखालून जाते. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या, संस्थानकाळातील या दगडी पुलाला उद्घाटनास आलेल्या व्हाइसरॉयचे नाव मिळाले. आयर्विन गेले, त्यांचे साम्राज्य गेले. सांगलीकर मात्र पावसाळ्यात त्यांचे नाव दिवसातून दहा वेळा घेतात, कारण पुराचे पाणी या पुलाशी मोजले जाते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. शहर बुडाले, पूल उभा राहिला. त्याचा पाया कोणी किती खोल नेला, चिरे कोणी घडविले, कमानींचे गणित कोणी मांडले, हे महापुराच्या त्या दिवसांत कोणी विचारले नाही. आणि नेमके तेव्हाच ते विचारण्यासारखे होते.

हा केवळ कृतज्ञतेचा प्रश्न असता तर आम्ही इतके लिहिले नसते. बांधणाऱ्याचा विसर पडला की बांधणीचाही पडतो. जुन्या देवळाचा 'जीर्णोद्धार' निघतो तेव्हा वर्गणी देणाऱ्यांच्या नावांची संगमरवरी फरशी आधी ठरते. चुना कोणता, दरजा कशा भरायच्या, हे ठरविणारा कोणी नसतो. मग काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढतो, गाभाऱ्यात टाइल्स बसतात, सांध्यांत सिमेंट भरले जाते. चुन्याचा सांधा मऊ असतो. तो ओल बाहेर सोडतो आणि दगडाची किंचितशी हालचाल सोसतो. सिमेंटचा सांधा कठीण आणि कोंडून ठेवणारा. ओल दगडातून वाट शोधते आणि दगडच झडू लागतो. शंभर वर्षांपूर्वीच्या गवंड्याला हे माहीत होते. घाणीत चुना मळणारे, भट्टी लावणारे लोणारी, दगड काढणारे वडार, तो घडविणारे पाथरवट, अशी ज्ञानाची एक साखळीच होती. आपण तिला मजुरी समजलो. मजुरी चुकती केली की संपते. तिच्यापाशी काही विचारायला परत जावे लागत नाही. ज्ञान मात्र विचारून घ्यावे लागते. आज विचारायला जावे तर चुन्याचे काम जाणणारा हात शोधत हिंडावे लागते, तो याच समजुतीमुळे.

गेलेली नावे आता परत येणार नाहीत. त्यांच्या जागी कल्पित नावे लिहिणे हा तर अधिक मोठा अन्याय होईल. पण दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. जिथे आज डागडुजी होते आहे, तिथे देणगीदारांच्या यादीखाली गवंड्याचे, पाथरवटाचे नाव आणि वापरलेल्या चुन्याचे प्रमाण कोरता येईल. शंभर वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला देणगीच्या आकड्यापेक्षा तेच उपयोगी पडेल. दुसरी गोष्ट आम्हां मराठीच्या अध्यापकांच्या अखत्यारीतली आहे. वर्गात, निबंधात, गावच्या माहितीफलकावर 'रास्त्यांनी देऊळ बांधले' असे न लिहिता 'बांधविले' असे लिहावे. रास्त्यांचे त्यात काही उणे होत नाही. फक्त एक 'वि' वाढतो.