नरसिंहाची मान

हात थरथरायला लागला आणि नरसिंहाची मान मला टाळता येईनाशी झाली. मुंडकं जमतं, धड जमतं. अडतं ते मधल्या चार बोटांत. सिंह कुठं संपला आणि माणूस कुठं सुरू झाला, ते तिथं ठरवावंच लागतं. आमच्यातले बहुतेक चित्रकार तिथं आयाळ सोडून मोकळे होतात. मीही सोडत आलो. सांधा झाकला जातो, रेघ सलग वाहते.

सलग रेघेचा मला भारी अभिमान. चित्रकार तय्यब मेहतांनी शांतिनिकेतनातल्या मुक्कामानंतर महिषासुर रंगवला, तो देवीच्या अंगात असा गुंतवला की कुणाचा अवयव कुठला ते शोधावं लागतं. १९७०च्या ‘कूडल’ या लघुपटासाठी त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रण केलं होतं, जनावराचं मरण त्यांनी जवळून पाहिलेलं. तरी रंग सपाट, रेघ स्वच्छ. लातुरात कुणी माझ्या रेघेला वाहवा दिली की मला त्यांचीच आठवण यायची.

आता मी वेरूळपेक्षा औशाजवळच्या खरोशाला जास्त जातो. सहाव्या शतकातली ही लेणी जांभ्यात खोदलेली. जांभा वेरूळच्या बेसाल्टसारखी धार धरत नाही. तिथल्या नरसिंहाचे बारकावे झिजलेत. पशू आणि माणूस एकाच खडबडीत दगडात उतरलेत.

हल्ली कोळशाची रेघ गळ्याशी तुटते, ती मी पुन्हा जोडत नाही. बर्न्ट सिएना ओला असतानाच त्यावरून नाइफनं काळपट निळा ओढतो आणि दोन्ही एकजीव व्हायच्या आत हात उचलतो. उरतो तो ओरखडा ना कातडीचा, ना केसांचा. अर्धं जनावर होताना दुखत असणारच.

माळेगावच्या जत्रेत घोड्यांच्या माना काढायला मी जातो. वाटेवरच्या फ्लेक्सवर देव सगळे पिळदार दंडांचे, कपाळाला आठ्या घातलेले. पोरांना त्यात जोर दिसतो. मला नुसता राग दिसतो, आणि राग काढणं सोपं. नरसिंह आला तिन्हीसांजेला, बसला उंबरठ्यावर. ते अधलंमधलंपण चित्रात येणार नसेल, तर त्याला सिंहाचं तोंड द्यायचं कशाला?

मोठा कॅनव्हास ताणून ठेवलाय. यात आयाळ नसेल. तो मुंबईत मेहतांच्या महिषासुरासमोर लागावा, एवढी हाव मला अजून आहे. आणि बघणाऱ्याची नजर आधी मानेवर अडली पाहिजे.