दुखण्याची बोली

आम्ही उर्दू शाळेतले मास्तर लोक. घरात दखनी, वर्गात उर्दू, कचेरीत मराठी. त्यामुळे दुभाष्याचं काम आमच्याकडे आपसूकच येतं. पण दुखण्याचं भाषांतर करायची वेळ अम्मीच्या पायांनी आणली.

अम्मीचं वय सत्तरच्या पुढे, शुगर जुनी. रात्री चादरीचा स्पर्शही तळव्यांना सोसत नाही; दिवसा मात्र पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. ती कधी 'जलन' म्हणते, कधी 'झुनझुनी', कधी 'सुन्न'. शेजारणी म्हणाल्या, वय झालं, चालायचंच. एका दवाखान्यात 'पाय दुखतात' एवढंच लिहून गोळ्या दिल्या.

दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र शब्द विचारले. शिरांच्या दुखण्यासाठी 'डीएन ४' नावाची प्रश्नावली आहे, २००५ साली प्रसिद्ध झालेली. आग, झोंबणारा गारठा, विजेसारखा झटका, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज, असे सात प्रश्न आणि त्वचेच्या तीन तपासण्या. १० पैकी ४ गुण मिळाले की दुखणं शिरांचं असण्याची शक्यता मोठी. आमच्या शाळेत ३५ टक्क्यांना पास करतात, इथे ४० ला!

मग डोळे मिटायला सांगून १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला. नादकाट्याची थरथर अंगठ्यावर कळते का, ते पाहिलं. ही जाणीव वयानेही कमी होते, म्हणून एकट्या तपासणीवर भरवसा ठेवायचा नाही, असं ते म्हणाले. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं, म्हणून रक्तही तपासायला दिलं.

अडलं ते एकाच प्रश्नावर. "शून्य ते दहात दुखणं किती?" अम्मी म्हणाली, "अल्लाह का शुक्र है." आकडा सांगणं म्हणजे तिच्या लेखी नाशुक्री. आमच्या घरांतल्या बायकांनी सब्र असाच जपला आहे. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "रात्री किती वेळा उठता? नमाजमध्ये पायांवर बसता येतं का? तोल जातो का?" या प्रश्नांना तिने भराभर उत्तरं दिली. गेले काही महिने ती खुर्चीवर बसून नमाज पढत होती, त्याचं कारण आम्हाला तेव्हा कळलं.

आता तिचे तळवे रोज रात्री आम्ही पाहतो. गरम पाण्याची पिशवी बंद केली. बधिर पायाला चटका कळत नाही. आणि ती जो शब्द वापरते, तोच डॉक्टरांना सांगतो. 'झुनझुनी'चं 'दुखतं' करत नाही.